कर्ता कोणता? : कारकविचारापासून अन्वयांकनापर्यंत मराठी वाक्य

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे वऱ्हाडी बोलीच्या प्रदेशातील एक गाव. या परिसराच्या बोलीत सहज उमटणारी तीन वाक्ये प्रथम पाहावीत. ‘त्यानं बैलाले मारलं’, ‘त्यानं बैलाले पाणी दाखवलं’ आणि ‘बैलाले ताप आला’. तिन्ही वाक्यांत ‘बैलाले’ हे रूप एकच आहे, प्रत्यय एकच आहे, पण त्या पदाचा क्रियेशी असलेला संबंध मात्र तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. पहिल्या वाक्यात बैल हा मारण्याचा विषय आहे, दुसऱ्यात पाणी ज्याच्यासाठी नेले तो आहे, आणि तिसऱ्यात ज्याच्या ठिकाणी तापाचा अनुभव आहे तो आहे. प्रमाण मराठीत ‘ले’च्या जागी ‘ला’ येईल, इतकाच काय तो फरक. विभक्तिप्रत्ययावरून कारक ओळखता येत नाही ही गोष्ट मराठीच्या प्रत्येक वैयाकरणाला जाणवलेली आहे. आणि ज्यांना आज संगणकासाठी मराठी वाक्यातील प्रत्येक पदाचा अन्वय लिहून ठेवावयाचा आहे, त्यांच्यापुढेही पहिला अडसर हाच आहे.

वाक्यातील पदापदांचे अवलंबन नोंदवून ठेवलेल्या वाक्यसंग्रहास अलीकडे ‘ट्रीबँक’ म्हणतात. अशा संग्रहात प्रत्येक शब्दापुढे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : तो शब्द वाक्यातील कोणत्या शब्दावर अवलंबून आहे, आणि त्या अवलंबनाचे नाव काय. सर्व वाक्यात एकच पद कोणावरही अवलंबून नसते. ते वाक्याचे मूळ होय. कल्पना साधी आहे. परंतु मूळ कोणते मानावे आणि नावे कोणती द्यावीत, या दोन प्रश्नांवर भारतात जो वाद झाला त्याचे वय संगणकाच्या वयाहून कितीतरी अधिक आहे. मराठी वाक्यापुरता त्या वादाचा मागोवा येथे घेतला आहे.

पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात कारकांची व्यवस्था लावली. अपादान, संप्रदान, करण, अधिकरण, कर्म आणि कर्ता ही सहा कारके म्हणजे क्रियेशी असलेले सहा संबंध. त्यांना विभक्ती कोणती लावावी हा विचार तो पुढे दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात स्वतंत्रपणे करतो. संबंध एके ठिकाणी आणि त्या संबंधाचे चिन्ह दुसऱ्या ठिकाणी, ही विभागणी पाणिनीच्या व्यवस्थेचा कणा आहे. षष्ठीने दाखविला जाणारा ‘रामाचे घर’ यासारखा संबंध कारकांत बसत नाही, कारण तो नामाचा नामाशी आहे. शिवाय जो संबंध क्रियापदाच्या प्रत्ययानेच सांगितला गेला तो नामाच्या विभक्तीने पुन्हा सांगावयाचा नाही, असाही नियम तेथे आहे. कर्तरी व कर्मणी प्रयोगांची सारी उपपत्ती या एका नियमावर उभी आहे. आजच्या अन्वयांकनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर पाणिनीने संबंधाचे नाव आणि रूपाची नोंद यांचे रकाने वेगळे ठेवले होते.

मूळ पद कोणते, याविषयी मात्र शास्त्रकारांत एकवाक्यता नव्हती. ‘चैत्र भात शिजवतो’ या वाक्यापासून श्रोत्याला होणाऱ्या बोधात प्रधान काय? वैयाकरणांच्या मते धातूचा अर्थ, म्हणजे शिजविण्याचा व्यापार, प्रधान. चैत्र आणि भात ही त्याची विशेषणे. नैयायिक म्हणत की प्रथमान्त पदाचा अर्थ प्रधान, म्हणजे शिजविण्याच्या कृतीने युक्त असा चैत्र हाच वाक्यार्थाचा मुख्य विशेष्य. मीमांसकांनी आख्यातप्रत्ययाने सूचित होणाऱ्या भावनेला प्राधान्य दिले. सतराव्या शतकात कौण्डभट्टाने वैयाकरणांची बाजू तपशिलाने मांडली आणि पुढे नागेशभट्टाने तिचा विस्तार केला. काशीत राहून लिहिणारा हा नागेश उपनावाने काळे, म्हणजे महाराष्ट्रीय होता. त्याच्या घरात मराठी बोलली जात असूनही या सूक्ष्म यंत्राचा उपयोग मराठी वाक्यावर करून पाहावा असे कोणाला सुचले नाही. त्या काळी देशी भाषा शास्त्राचा विषय होत नसे, एवढेच याचे कारण होय.

देशी भाषेकडे शास्त्रदृष्टीने पाहणारे लोक प्रथम निघाले ते वऱ्हाडच्याच आसपास. महानुभाव पंथाने धर्मग्रंथांसाठी मराठीचा स्वीकार केला आणि सूत्रांचा अर्थ अचूक लागावा म्हणून तिच्या रूपांची चिकित्सा केली. भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हा मराठी व्याकरणाचा आद्य ग्रंथ म्हणून ओळखला जातो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने संकलित केलेले लीळाचरित्र, ज्याची जडणघडण अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुराशी निगडित आहे, ते मराठी वाक्याच्या अभ्यासकाला आजही अपूर्व साधन आहे. त्यातील वाक्ये आखूड, बोलीतील, आणि कर्तृपद वारंवार गाळणारी आहेत. ‘सर्वज्ञें’ यासारखे तृतीयेचे रूप तेथे भूतकाळी सकर्मक क्रियापदाचा कर्ता म्हणून येते. तोच एं-कारान्त प्रत्यय साधनही दाखवितो. म्हणजे तेराव्या शतकातील लिहिणाऱ्यालाही प्रत्यय पाहून कारक कळत नव्हते, वाक्य समजून घेऊनच ते कळत होते.

हे असे का झाले, याचे उत्तर शोधावयास कामरगावाहून फार लांब जावे लागत नाही. तालुक्याचे ठिकाण असलेल्या कारंजाच्या जैन भांडारांत अपभ्रंश ग्रंथांच्या पोथ्या शतकानुशतके जतन झाल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे हीरालाल जैन यांनी त्या उजेडात आणल्या, आणि १९३०च्या दशकात कारंजा येथून पुष्पदंताचे जसहरचरिउ प. ल. वैद्य यांच्या संपादनाने, तर णायकुमारचरिउ हीरालाल यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले. अपभ्रंशात प्रथमा आणि द्वितीया यांची रूपे बहुतेक एक झालेली दिसतात. कर्ता आणि कर्म यांचे चिन्हच पुसले गेल्यावर भाषेला दुसरी सोय करावी लागली. ती तिने सामान्यरूप, त्यापुढे जोडलेले नवे प्रत्यय आणि पदक्रम यांच्या आधारे केली. मराठीचा ‘ला’ आणि वऱ्हाडीचा ‘ले’ हे या दुसऱ्या पिढीचे प्रत्यय आहेत. याच जिल्ह्याच्या वाशीम गावी सापडलेल्या वाकाटक नृपती विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा व्यावहारिक मजकूर प्राकृतात आहे. शास्त्राची भाषा आणि व्यवहाराची भाषा यांतील अंतर या भूमीत किती जुने आहे, हे त्यावरून दिसते.

इंग्रजी अमदानीत मराठीची व्याकरणे लिहिली जाऊ लागली. विल्यम कॅरीचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले, आणि दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये निघाले. दादोबांच्या पुढे संस्कृत आणि इंग्रजी असे दोन्ही साचे होते. संस्कृतातून आठ विभक्ती आल्या. इंग्रजी व्याकरणाच्या संपर्कातून पुढे शाळांत ‘वाक्यपृथक्करण’ आले. वाक्याचे उद्देश्य व विधेय असे दोन भाग करावयाचे, आणि मग उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधेयपूरक, विधेयविस्तार असे रकाने आखून त्यांत शब्द भरावयाचे, हा अभ्यास मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी केला. त्याच्या जोडीला पदपरिस्फोट, म्हणजे प्रत्येक शब्दाचे व्याकरण चालविणे, असे. नाम, लिंग, वचन, विभक्ती, आणि शेवटी ‘अमक्या क्रियापदाचा कर्ता’ किंवा ‘अमक्याचे कर्म’.

या शालेय कवाईतीची आज थट्टा होते. वस्तुतः अन्वयांकनाची मराठीतील खरी पूर्वपीठिका तीच आहे. पृथक्करणात वाक्याचे सर्व शब्द एकदाच हिशेबात घ्यावे लागत, एकही शब्द रकान्याबाहेर ठेवण्याची मुभा नसे. आणि परिस्फोटात प्रत्येक शब्दाला त्याचा आधार दाखवावा लागे. दोष होता तो उद्देश्य-विधेय या पहिल्याच तुकड्यात. तो तुकडा इंग्रजीसारख्या भाषेत स्वाभाविक वाटतो, कारण तेथे कर्ता, क्रियापदाशी जुळणारे पद आणि वाक्यारंभीचे पद ही बहुधा एकच असतात. मराठीत ती तीन ठिकाणी असू शकतात. ‘तिला ते घर आठवले’ या वाक्यात आरंभीचे पद ‘तिला’, क्रियापदाशी जुळणारे पद ‘घर’. उद्देश्य कोणते? शिक्षक ‘घर’ सांगत आणि मुले ते लिहून घेत. ज्याला काही आठवले ती व्यक्ती मात्र विधेयविस्ताराच्या रकान्यात जाऊन पडे.

मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. केशवसुतांचे हे बंधू स्वभावाने वाद अखेरपर्यंत लढविणारे होते. पूर्वीच्या प्रत्येक वैयाकरणाचे मत मांडून, खोडून वा स्वीकारून मगच ते पुढे जातात, त्यामुळे त्यांचा ग्रंथ म्हणजे मराठी व्याकरणातील वादांचा कोशच झाला आहे. कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी १९७० मध्ये त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. अरविंद मंगरूळकरांचा ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ आणि स्वतः अर्जुनवाडकरांचा ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ (१९८७) या ग्रंथांनी संस्कृतचा साचा मराठीवर कोठे बसतो आणि कोठे बळेच बसविला गेला, याची परीक्षा केली. ती परीक्षा शब्दरूप, विभक्ती, प्रयोग यांच्या बाबतीत कसून झाली. संपूर्ण वाक्यातील सर्व पदांचे अवलंबन एका व्यवस्थेत दाखविण्याचे काम मात्र राहिले.

ते काम युरोपात एका फ्रेंच पंडिताने हाती घेतले होते. ल्यूसियाँ तेन्येर १९५४ मध्ये निवर्तला आणि त्याचा संरचनात्मक वाक्यविचारावरील ग्रंथ १९५९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. उद्देश्य आणि विधेय ही विभागणी तर्कशास्त्रातून व्याकरणात शिरलेली असून भाषेच्या स्वरूपाशी तिचा संबंध नाही, असे त्याने बजावून सांगितले. त्याच्या मते क्रियापद ही वाक्याची मुख्य गाठ. कर्ता व कर्म दोघेही तिच्यापासून सारख्याच नात्याने लोंबणारे. हे मत वैयाकरणांच्या धात्वर्थप्राधान्याशी इतके जुळते की वाचणाऱ्यास क्षणभर नवल वाटावे. एका सिद्धांतावर दोन वाटांनी पोचल्याचे हे उदाहरण आहे. चेक विद्वानांनी या विचाराला प्रत्यक्ष संग्रहाचे रूप दिले आणि प्रागच्या अवलंबन-ट्रीबँकेची पहिली आवृत्ती २००१ मध्ये बाहेर पडली.

भारतात या दिशेने पहिले ठाम पाऊल पाणिनीच्या नावानेच पडले. अक्षर भारती या सामूहिक नावाने लिहिणाऱ्या मंडळींनी, विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांच्यासह, १९९५ मध्ये भाषेच्या संगणकीय प्रक्रियेचा पाणिनीय दृष्टीने विचार करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय सूचना प्रौद्योगिकी संस्थेत त्यावरून भारतीय भाषांसाठी अंकनाची पद्धती तयार झाली. तिच्यात कर्ता ‘के-१’, कर्म ‘के-२’, करण ‘के-३’, संप्रदान ‘के-४’, अपादान ‘के-५’, अधिकरण ‘के-७’. सहावा अंक षष्ठीसाठी राखलेला, पण ती कारक नसल्यामुळे तिचे अक्षर वेगळे, ‘आर-६’. आकड्यांच्या या साध्या मांडणीतही पाणिनीचा विवेक टिकून राहिला, ही समाधानाची गोष्ट आहे. हिंदी आणि उर्दू यांचे मोठे संग्रह या पद्धतीने बांधले गेले.

परंतु अनुभव घेणाऱ्या पदाचा प्रश्न येथेही सुटला नाही. त्यासाठी ‘के-४-ए’ असे एक नवे चिन्ह करावे लागले आणि त्याचे नाव ठेवले गेले ‘अनुभव-कर्ता’. आकडा संप्रदानाचा, नाव कर्त्याचे. ही तडजोड वरवर विनोदी वाटली तरी ती प्रामाणिक आहे. कारण पाणिनीची दोन सूत्रे या ठिकाणी दोन दिशांना ओढतात.

पहिले सूत्र आवडण्याच्या अर्थाच्या धातूंविषयी आहे (१.४.३३). ज्याला एखादी वस्तू आवडते तो संप्रदान, आणि आवडणारी वस्तू कर्ता, असे ते सांगते. त्याप्रमाणे ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात ‘आंबा’ कर्ता आणि ‘मला’ संप्रदान. क्रियापदाची जुळणी आंब्याशी आहे, तेव्हा रूपही या निर्णयाला अनुकूल. दुसरे सूत्र पूर्वकालवाचक धातुसाधिताविषयी आहे (३.४.२१). दोन क्रियांचा कर्ता एकच असेल तर आधीच्या क्रियेला तो प्रत्यय लागतो. मराठीत त्याचे काम ‘ऊन’ हा प्रत्यय करतो. आता ‘घरी जाऊन तिला बरे वाटले’ हे वाक्य घ्यावे. घरी जाणारी ती, आणि बरे वाटलेही तिलाच. समानकर्तृकत्वाची अट मराठीतही खरी मानावयाची तर ‘तिला’ हा ‘वाटले’चा कर्ता ठरतो. निजवाचक ‘आपला’ही हीच साक्ष देतो. ‘तिला आपले घर आठवले’ यातील ‘आपले’ हे ‘तिला’कडे निर्देश करते, आणि हा निर्देश मराठीत सामान्यतः कर्त्याकडे असतो. म्हणजे क्रियापदाची जुळणी एक सांगते, आणि ‘ऊन’ व ‘आपला’ दुसरे सांगतात.

जुन्या वैयाकरणाला अशा वेळी भाष्य लिहून दोन्ही बाजू मांडता येत. अंकन करणाऱ्याला ती सवलत नाही. त्याला रकान्यात एकच नाव लिहावयाचे असते. त्यामुळे अन्वयांकन हे केवळ लेखनिकाचे काम आहे हा जो समज आपल्याकडे प्रचलित आहे तो चुकीचा ठरतो. प्रत्येक रकाना म्हणजे एका वादाचा निकाल असतो. मराठीपुरता विचार केला तर अशा पदाला कर्त्याच्या नात्याखाली ठेवून त्याच्या चतुर्थी रूपाची नोंद रूपाच्या रकान्यात करणे अधिक सयुक्तिक दिसते. संबंध आणि चिन्ह यांना वेगळे ठेवण्याची पाणिनीची मूळ शिस्त त्यात अधिक पाळली जाते, जरी त्याच्या एका सूत्राचा निर्णय त्यामुळे बाजूस पडतो. ‘बैलाले ताप आला’ यासारख्या वाक्यात मात्र हा युक्तिवाद दुबळा पडतो, कारण तेथे ‘ताप’ हे पद कर्तेपणाचा हक्क सहजी सोडत नाही. ताप येतो, चढतो, उतरतो, आणि या प्रत्येक क्रियेत तोच स्वतंत्र आहे.

यापुढचा टप्पा ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा. त्याचे नियम २०१४ मध्ये ठरले आणि पहिला संच जानेवारी २०१५ मध्ये दहा भाषांसह निघाला. जगातील सर्व भाषांच्या वाक्यांना एकच नाममालिका पुरावी, अशी त्यामागील आकांक्षा आहे. दुसऱ्या आवृत्तीत शब्दांच्या जाती १७ आणि संबंध ३७ आहेत. विनीत रविशंकर यांनी या पद्धतीने मराठीची ट्रीबँक रचली व तिच्याविषयी २०१७च्या ट्रीबँकविषयक परिषदेच्या इतिवृत्तात निबंध लिहिला. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील संस्थेच्या आद्याक्षरांवरून ती ‘यूफाल’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील मजकूर मुख्यतः विकिस्रोतावरील गोष्टींचा आणि थोडा विकिपीडियावरील लेखाचा आहे. एकूण वाक्ये ४६६, आणि शब्द चार हजारांच्या आत. लीळाचरित्रापासून आजवर अखंड गद्य लिहिणाऱ्या भाषेच्या मानाने हा संग्रह अगदी लहान आहे. पण पूर्वी काहीच नव्हते तेथे मराठीच्या रचनेविषयीचे निर्णय वाक्यागणिक लिहून कोणालाही तपासता येतील अशा रूपात ठेवले गेले, हे त्याचे महत्त्व.

या पद्धतीचा एक निर्णय आपल्या परंपरेला विशेष खटकणारा आहे. ‘बाबा मास्तर आहेत’ या वाक्यात क्रियापदाला प्रधान न मानता ‘मास्तर’ या पदाला वाक्याचे मूळ मानले जाते, आणि ‘आहेत’ हे त्याच्या आश्रयाला जाते. कारण सांगितले जाते ते असे की कित्येक भाषांत येथे क्रियापदच नसते, आणि भाषाभाषांची तुलना व्हावयाची तर आशयवाचक पदांची नाती सारखी दिसली पाहिजेत. पाणिनीय अंकनात याउलट ‘आहेत’ मूळ, ‘बाबा’ कर्ता, आणि ‘मास्तर’ हे कर्त्याशी समानाधिकरण असे पद. नैयायिकाला विचारले असते तर त्याने ‘बाबा’ या प्रथमान्तालाच प्रधान म्हटले असते. तीन शब्दांचे वाक्य, आणि तिन्ही शब्दांना मूळ मानणारे तीन पक्ष! काशीच्या पाठशाळांतील शाब्दबोधाचा वाद प्रागच्या नियमपुस्तिकेत अशा रीतीने पुन्हा उभा राहिला आहे, आणि तोही बहुधा कोणाच्या ध्यानात न येता.

सार्वत्रिक नाममालिकेची खरी कसोटी दूरच्या भाषांत लागते. पॅसिफिक महासागरातील फिजियन भाषेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १८३५ मध्ये लाकेंबा बेटावर उतरलेल्या कारगिल आणि क्रॉस या मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी तिला रोमन लिपी दिली. हॅझलवुडचे व्याकरण १८५० मध्ये, चर्चवर्डचे १९४१ मध्ये, आणि बोउमा प्रदेशाच्या बोलीचे डिक्सनकृत व्याकरण १९८८ मध्ये निघाले. कॅरी, दादोबा, दामले आणि पुढील चिकित्सक यांच्या क्रमाशी हा क्रम ताडून पाहण्यासारखा आहे. फिजियनमध्ये वाक्याचा आरंभ क्रियेने होतो, आणि नामाला विभक्ती नसते. ‘ए राइदा ना ङोने ना ङ्गासे’ या वाक्यातील ‘ङोने’ म्हणजे मूल, ‘ङ्गासे’ म्हणजे वृद्ध. कोणी कोणाला पाहिले हे कोणत्याही प्रत्ययावरून ठरत नाही. क्रियेपूर्वीचा ‘ए’ तृतीय पुरुषाचे एकवचन दाखवितो. तो ‘ए’ हाच कर्ता मानावा आणि पुढचे नाम त्याचे स्पष्टीकरण समजावे, की नाम कर्ता आणि ‘ए’ ही केवळ क्रियेवरील खूण? मराठी वाचकाने येथे ‘तू आंबा खाल्लास’ हे वाक्य आठवावे. ‘खाल्ला’ हे रूप आंब्याशी जुळते आणि शेवटचा ‘स’ हा ‘तू’शी. ‘तू’ गाळला तरी तो ‘स’ कर्त्याची साक्ष देत राहतो. फिजियनमध्ये जी गोष्ट क्रियेच्या आधी घडते, ती मराठीत क्रियापदाच्या शेपटाला घडते.

आता पुन्हा वऱ्हाडकडे यावे. मराठीच्या पोटभाषांची पहिली व्यवस्थित नोंद ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात आहे. स्टेन कोनो याने सिद्ध केलेल्या या खंडात वऱ्हाडीचेही नमुने आले. पण उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे बोलीबोलींत रूपांतर मागविणे ही त्या सर्वेक्षणाची मुख्य रीत होती. भाषांतरित कथेत वाक्याची रचना मूळ मजकुराच्या ओढीने वाकते, आणि प्रत्यय व शब्द तेवढे बोलीचे राहतात. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात हाती घेतलेल्या बोलीसर्वेक्षणाचे आरंभीचे खंड दक्षिण कानडा, कुडाळ, काणकोण अशा किनारपट्टीकडील बोलींचे होते. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने बोलींचे जे नवे सर्वेक्षण केले, त्यात व्याकरणिक रचनांनाही स्थान मिळाले आहे. तरी बोलीतील पूर्ण वाक्याचे पदशः अन्वयांकन ही गोष्ट याहून वेगळी. आणि तिची गरज का आहे, हे एका रचनेवरून दाखविता येते.

प्रमाण मराठीत चालू क्रिया ‘जेवत आहे’ अशी सांगतात. वऱ्हाडीत तीच ‘जेवून राह्यला’ अशी सांगतात. ‘पोट्टी वावरात काम करून राह्यली’ म्हणजे मुलगी शेतात काम करीत आहे. प्रमाण मराठीच्या वाचकाला मात्र ‘जेवून राहिला’ यात दोन क्रिया दिसतात : आधी जेवला, आणि मग राहिला. रूप तेच, ‘ऊन’ तोच. पण एका ठिकाणी तो पूर्वकाल दाखवितो, तर दुसऱ्या ठिकाणी मुख्य क्रियेला साहाय्यक क्रियापद जोडण्याचे काम करतो. दोहोंत भेद करण्याची कसोटीही बोलीतच आहे. ‘जेवून मंग राह्यला’ असे मध्ये ‘मंग’ घातले की चालू क्रियेचा अर्थ नाहीसा होतो व दोन क्रिया वेगळ्या होतात. समानकर्तृकत्वाचे सूत्र येथे लावावयाचे की नाही, हे त्या ‘मंग’वरून ठरते.

प्रमाण लेखनाच्या संग्रहावर शिकविलेले यंत्र, किंवा प्रमाण मराठीच तेवढी जाणणारा अंकनकार, वऱ्हाडी वाक्याचे मूळच चुकीचे ठरवील, आणि ती चूक कोणत्याही रकान्यात चूक म्हणून दिसणार नाही. नियमाप्रमाणे प्रत्येक वाक्य दहा रकान्यांत मांडले जाते; सातव्यात आधारपदाचा क्रमांक आणि आठव्यात संबंधाचे नाव असते, व मूळ पदाच्या पुढे शून्य लिहितात. कामरगावात कोणी विचारले की गणपत काय करतो आहे, आणि उत्तर आले ‘गणपत घरी जेवून राह्यला’, तर चार शब्दांच्या या वाक्यात तिसऱ्या शब्दापुढे, म्हणजे ‘जेवून’पुढे, शून्य लिहावे लागेल आणि ‘गणपत’, ‘घरी’ व ‘राह्यला’ या तिघांपुढे तीन. पुण्याच्या वाचकाच्या हातून तेच शून्य चौथ्या शब्दापुढे पडेल, आणि ‘जेवून’पुढे येईल चार.